गवतावरच्या दुधासाठी दरपत्रकात एक रकाना हवा

प्रति,
नागपूर विभागात दुग्धविकासाची धोरणे राबवणारे अधिकारी, तसेच विभागात दूध खरेदी करणाऱ्या सर्व संस्थांचे संचालक

विषय : सेंद्रिय, गवताधारित दुधाकडे वळणाऱ्या गोपालकांची मधली दोन-तीन वर्षे

स.न.वि.वि.

विदर्भ-मराठवाड्यातील १९ जिल्ह्यांच्या दुग्धविकास प्रकल्पाचा दुसरा टप्पा जाहीर झाला, तेव्हा त्यातली यादी आम्ही बारकाईने वाचली. जास्त दूध देणारी जनावरे, अनुदानावर पशुखाद्य, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) वाढवणारी खाद्यपूरके, कडबाकुट्टी यंत्र, मुरघास, बहुवार्षिक चारा पिके, वंध्यत्वावर उपचार. यादी वाईट नाही. पण तिचा सगळा रोख गाईमागे लिटर वाढवण्यावर आहे. ज्याला ढेप (तेलबियांची पेंड) कमी करून, रसायनांशिवाय, गवतावर दूध काढायचे आहे त्याच्यासाठी तिच्यात ओळ नाही. दरपत्रकात रकाना नाही आणि दवाखान्याच्या केसपेपरवरही जागा नाही. सभेत मात्र ‘सेंद्रियकडे वळा’ असे त्यालाच सांगितले जाते.

चारा, पशुआहार आणि पशुवैद्यक या कामांत आम्ही नागपूर, वर्धा, भंडारा भागातल्या दूध उत्पादकांच्या सोबत असतो. सल्ला आम्ही देतो आणि त्यापायी तोटा झाला तर जाबही आम्हालाच विचारला जातो. तो जाब आता तुमच्याकडे पाठवत आहोत.

सुरुवात ढेपेपासून करावी लागेल, कारण विदर्भातला गोठा सरकी ढेपेवर उभा आहे. बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, कापसाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज आपल्याकडची जवळपास सगळी सरकी त्याच वाणांची आहे. सेंद्रिय उत्पादनाच्या राष्ट्रीय मानकांत जनुकीय बदल केलेले बियाणे आणि त्यापासून बनलेले खाद्य दोन्ही वर्ज्य आहेत. म्हणजे सेंद्रियकडे वळणाऱ्या शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी गव्हाणीतले मुख्य प्रथिन बाहेर काढावे लागते. दुसरा पर्याय सोयाबीनच्या डीओसीचा, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीचा. ती हेक्झेन या द्रावकाने तेल काढून बनते, म्हणून तीही चालत नाही. तिसरा सोपा उपाय म्हणजे १०० किलो तणस (धानाचा पेंढा) किंवा कडब्यावर ४ किलो युरियाची प्रक्रिया. आपल्याच विस्तार पत्रिकांत तो वर्षानुवर्षे छापून येतो आणि सेंद्रियमध्ये तोही बाद आहे. युरिया घातलेल्या चाटण विटांचेही तेच. तीन दारे एकाच वेळी बंद होतात आणि चौथे कोणते, याची एक पानाची पत्रिकासुद्धा निघालेली आमच्या पाहण्यात नाही.

चौथे दार आहे, ते इथे लिहून ठेवतो. सुमारे ४०० किलो वजनाच्या आणि सहा-सात लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला साधारण १२ किलो शुष्क पदार्थ आणि सव्वा किलो प्रथिने लागतात. संकरित नेपिअर २० किलो, लसूणघास, दशरथ घास किंवा शेवरी यांपैकी द्विदल चारा १० किलो, वाळलेले गवत आणि सेंद्रिय प्लॉटमधले तूर-हरभऱ्याचे कुटार (भुसा) मिळून साडेपाच किलो, घाण्याची जवस ढेप आणि तूर चुनी मिळून १ किलो, खनिज मिश्रण ५० ग्रॅम. एवढ्यात तिची गरज भागते. यातला द्विदल चारा गाळून नुसते नेपिअर टाकले की गणित कोसळते. नेपिअरमध्ये प्रथिने आठ-दहा टक्केच असतात आणि कोवळ्या नेपिअरमधले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. ‘हिरवे भरपूर दिले, तरी गाय खंगली’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

जमिनीचा हिशेब असा. शेणखत आणि गोठ्याच्या धुण्याच्या पाण्यावर वाढवलेले नेपिअर एकरी ४० टन धरावे. रासायनिक खतावरचे ऐंशी टनांचे आकडे इथे कामाचे नाहीत. द्विदल चारा मिळून एका गाईला ओलिताचे १२ ते १५ गुंठे लागतात. ठोंबे तीन फूट बाय दोन फुटांवर लावले तर एकरी सव्वासात हजार लागतात. पहिली कापणी अडीच महिन्यांनी, पुढच्या दर ४५ ते ५० दिवसांनी. नेपिअरच्या तीन ओळींनंतर द्विदलाची एक ओळ आणि धुऱ्यावर शेवरी. दोन गाई म्हणजे ३० गुंठे ओलीत कापसातून काढायचे. अल्पभूधारकासाठी हा मोठा निर्णय आहे.

आहार बदलायचा वेग हा दुसरा खड्डा. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातले जिवाणू नवा आहार पेलायला दोन-तीन आठवडे घेतात. म्हणून खुराक (ढेप-पशुखाद्य) आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त कमी करायचा नाही. गाय व्याल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तर हात लावायचा नाही. तेव्हा ती स्वतःच्या अंगावरची चरबी मोडून दूध देत असते. बदल पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू करावा किंवा भाकड काळात. प्रशिक्षणाहून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी ढेपेचे पोते बंद करतो, आठवड्यात दूध निम्म्यावर येते, गाय माजावर येत नाही, आणि महिन्याभरात तो दुप्पट ढेप घेऊन मूळ जागी परततो. प्रशिक्षणात गोमूत्राच्या अर्कावर दोन तास जातात, या वेळापत्रकावर पाच मिनिटेही जात नाहीत.

आता गवत. नागपूरचा पाऊस जून ते सप्टेंबरचा आणि मे महिन्यातला पारा ४५ अंशांच्या पुढचा. बारमाही कुरणांच्या थंड देशांतली पुस्तके इथे जशीच्या तशी चालणार नाहीत. कोरडवाहू गवतावर चराई जुलै ते ऑक्टोबर, फार तर नोव्हेंबर. उरलेले सात-आठ महिने वाळलेले गवत, मुरघास आणि ओलिताचा हिरवा चारा. पावसाळ्यात गवत टाचेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत, म्हणजे २५ ते ३० सेंटिमीटर वाढल्यावर जनावरे सोडायची आणि ८ ते १० सेंटिमीटर उरले की काढायची. एका तुकड्यात तीन दिवसांहून जास्त ठेवायचे नाही, कारण चौथ्या दिवशी ती नवे फुटवे खातात आणि मुळांतला साठा संपतो. मग तुकड्याला २५ ते ३० दिवस विश्रांती. गवत बुडख्यापर्यंत खाऊ दिले नाही तर जंतांचा संसर्गही कमी राहतो, कारण अळ्या बहुतांशी खालच्या काही सेंटिमीटरमध्येच असतात. सकाळी सोडण्याआधी दोन किलो कुटार किंवा कडबा पोटात असावा. नाहीतर श्रावणातल्या पाणचट, कोवळ्या गवतावर फॅट घसरते, शेण पातळ होते आणि द्विदल जास्त असेल तर पोटफुगी होते. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांवर, विशेषतः पावसाने ताण दिल्यानंतर, जनावर सोडणे म्हणजे सायनाइडची विषबाधा ओढवून घेणे.

वाळलेल्या गवताबाबत तर आपण सगळेच बेफिकीर आहोत. पवन्या, मारवेल ही गवते दसऱ्याच्या आसपास फुलोऱ्यात असतात, कापणीची खरी वेळ ती. आपल्याकडे ते दिवाळीनंतर, बी गळून गेल्यावर कापले जाते. तोवर प्रथिने निम्म्यावर आलेली असतात आणि कुसळी गवत असेल तर कुसळे जनावरांच्या तोंडात रुततात. ओलावा १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय गंजी लावली तर आत बुरशी धरते. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन खाद्यातून दुधात येते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेबाहेर सापडले होते, तर प्रतिजैविके १.२ टक्क्यांत. चर्चा मात्र सगळी पाणी आणि युरियाच्या भेसळीची झाली.

चराईला जमीन कुठली, हा प्रश्न विचाराल. आपल्या गावांच्या दफ्तरी ई-क्लास, म्हणजे गावाच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी, जमिनी आहेत. कुठे अतिक्रमण, कुठे मुरमाची खोदाई, उरल्यासुरल्या जागेत तरोटा, गाजरगवत आणि घाणेरी. या जमिनींवर खत-औषध पडलेले नसते, म्हणून प्रमाणीकरणाच्या दृष्टीने त्या सोन्यासारख्या आहेत. ठोस पुरावा असेल तर प्रमाणीकरण संस्थेला रूपांतराचा, म्हणजे साध्यातून सेंद्रियकडे जाण्याचा, काळ कमी करता येतो. पण तो पुरावा, म्हणजे ‘या गट क्रमांकाच्या जमिनीत गेल्या इतक्या वर्षांत रासायनिक निविष्ठा वापरलेल्या नाहीत’ असा साधा दाखला, द्यायचा कोणी? शेतकऱ्याला तलाठ्याकडून कृषी सहायकाकडे आणि तिथून ग्रामपंचायतीकडे पाठवले जाते. शेजारच्या वावरातला तणनाशकाचा फवारा वाऱ्याने येतो तो वेगळाच.

बियाण्याचेही तेच. चाऱ्याच्या बियाण्याचे किट वाटले जाते ते बुरशीनाशक चोळलेले, गुलाबी रंगाचे. रूपांतरात असलेल्याला प्रक्रिया न केलेले बियाणे हवे असते. ते मागितले तर ‘आलंय ते घ्या’.

आता पैशाकडे येऊ.

अन्न सुरक्षेच्या मानकांनुसार गाईचे दूध ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफला प्रमाणित ठरते. खरेदीचा पाया मात्र ३.५ आणि ८.५ आहे. गवताकडे वळणाऱ्या गाईला पहिल्या काही महिन्यांत ऊर्जा कमी पडते आणि त्याचा फटका आधी एसएनएफला बसतो. ८.५ वरून ८.२-८.३ वर येणे नेहमीचे आहे. त्यामुळे मानकांत बसणाऱ्या दुधालाही प्रत्येक पॉइंटमागे कपात लागते. २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिले. अडचणीच्या काळात ते गरजेचेच होते. पण दूध कशावर निघाले आहे, हे त्याने विचारले नाही.

उदाहरणादाखल हिशेब. १० लिटरची संकरित गाय, दर ३२ रुपये, म्हणजे ३२०. साडेचार किलो खुराक ३२ रुपयांनी १४४. चारा सोडून हाती १७६. तीच गाय गवतावर आणली की साडेसहा लिटर, २०८ रुपये. एक किलो चुनी-जवस ढेप ४० रुपयांची. हाती १६८. फरक आठच रुपयांचा, आणि ‘मग रडता कशाला’ असे आम्हाला विचारले गेले आहे. रडतो, कारण या हिशेबात एसएनएफची कपात नाही, रोजचा तास-दीड तास कापून-वाहून आणण्याची मजुरी नाही आणि त्या १५ गुंठ्यांत न लागलेला कापूस नाही. लिटरमागे ८ रुपये जास्त मिळाले तर दिवसाचे ५२ रुपये होतात. त्यात कपात आणि मजुरी निघते, नफा निघत नाही. आम्ही मागतो आहोत ते एवढेच.

आणि हे ८ रुपये हवेत पहिल्या दिवसापासून. वार्षिक पिकांच्या जमिनीला पेरणीआधी २४ महिने रूपांतराचे असतात, त्यानंतर जनावरांचा काळ आणि कागदपत्रे. तोपर्यंत दूध ‘साधे’. म्हणजे खर्च आणि घट आज, भाव दोन-तीन वर्षांनी. शहाणा शेतकरी या सौद्याला हात लावत नाही, आणि आम्ही त्याला दोष देत नाही.

भाव कबूल झाला तरी दूध न्यायचे कसे? सेंद्रिय दूध गावातल्या मोठ्या शीतकरण टाकीत ओतले की त्याच क्षणी ते सेंद्रिय राहत नाही. उपाय फार मोठा नाही. २५ गोपालक, प्रत्येकी दोन दुभत्या गाई, सहा लिटर, म्हणजे रोजचे ३०० लिटर. त्याला ५०० लिटरची एक स्वतंत्र टाकी पुरते. मात्र हे पंचवीस जण १०-१५ किलोमीटरच्या आत असले पाहिजेत. जिल्हाभर विखुरलेले ‘प्रगतिशील शेतकरी’ निवडले तर टाकी तळाशीच राहते, ढवळणी नीट होत नाही आणि वाहतुकीचा खर्च दूध खाऊन टाकतो. लाभार्थी निवडताना तालुकानिहाय कोटा पाडण्याची आपली सवय इथे मारक आहे. नावे गोळा करू नका, पट्टा निवडा.

पशुवैद्यकीय दवाखान्यांबद्दल. सेंद्रिय म्हणजे आजारी जनावराला औषध नाही, हा गैरसमज पसरू देऊ नका. लसीकरण चालते. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत, लम्पी यांच्या लसी चुकवायच्या नाहीत. जीव वाचवायला प्रतिजैविक द्यावे लागले तर द्यायचे, फक्त दूध बाजूला ठेवण्याचा काळ नेहमीच्या दुप्पट धरायचा, किमान ४८ तास. पण केसपेपरवर ‘इंजेक्शन दिले’ एवढेच असेल तर शेतकरी काय दुप्पट करणार? औषधाचे नाव, मात्रा, तारीख आणि दूध किती दिवस द्यायचे नाही, या चार गोष्टी लिहायला अर्धा मिनिट लागतो. दगडी (कासेची सूज) लवकर ओळखण्यासाठी पंधरवड्याला दुधाची कॅलिफोर्निया चाचणी आणि धारेनंतर आयोडीनच्या द्रावणात सड बुडवणे, एवढ्यानेच प्रतिजैविकाची पाळी बरीच टळते.

जनावरांच्या निवडीबद्दल एक शब्द, कारण प्रकल्पाच्या यादीतली पहिली ओळ तीच आहे. पंधरा लिटरची गाय गवतावर जगवणे म्हणजे तिची उपासमार. दुसऱ्या टोकाला आपली गवळाऊ ही स्थानिक जातीची गाय वेताला सहाशे लिटरच्या आसपास देते. ती उन्हात चरते, चालते, कुटारावर तग धरते, पण केवळ तिच्या दुधावर आजच्या भावात घर चालत नाही. मधला मार्ग नागपुरी म्हशीचा आणि सात-आठ लिटरच्या मध्यम संकरित गाईचा आहे. नागपुरी म्हैस वेताला हजार लिटरच्या आसपास देते आणि दूध घट्ट असल्याने फॅटवर भाव घेते. तिला उन्हाळ्यात डुंबायला पाणी मात्र हवे. अनुदानाच्या जनावराला लिटरची किमान अट घालून तुम्ही हा मधला मार्गच बंद करता.

शहरातल्या गिऱ्हाईकाचीही दिशाभूल थांबवा. नागपुरात ‘देशी’, ‘ए२’, ‘फार्म फ्रेश’ आणि ‘सेंद्रिय’ हे शब्द एकाच अर्थाने विकले जातात. ए२ हा दुधातल्या एका प्रथिनाचा प्रकार आहे, गाय काय खाते याच्याशी त्याचा संबंध नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए१-ए२ चे दावे काढायला सांगितले आणि आठवडाभरात आदेश मागे घेतला. त्या आठवड्याने संभ्रम वाढलाच. बीटी सरकीच्या ढेपेवरचे दूध ‘ए२’ म्हणून चढ्या भावात जात असेल, तर गवतावर दूध काढायला राबणाऱ्याने कोणते लेबल लावायचे?

आमच्या मागण्या :

१. दरपत्रकात ‘रूपांतरातील दूध’ हा स्वतंत्र रकाना उघडा. सहभागी हमी गटात (शेतकरीच एकमेकांची तपासणी करून सेंद्रियची हमी देतात असा गट) नोंद झालेल्या गोपालकाला नोंदणीच्या दिवसापासून लिटरमागे किमान ८ रुपये जादा द्या, जास्तीत जास्त ३६ महिने. गटाला पाच शेतकरी पुरतात, त्यामुळे सुरुवातीला महागड्या प्रमाणीकरणाची वाट पाहण्याची गरज नाही. गटाबाहेरच्या माणसाने वर्षातून दोनदा, न सांगता गोठा पाहावा. ढेपेचे पोते सापडले तर जादा दर बंद.

२. रूपांतरातील दुधासाठी एसएनएफचा पाया ८.३ धरा.

३. विभागात पहिल्या वर्षी दोनच पट्टे निवडा, एक नागपूर-वर्ध्याच्या गवळाऊ भागात आणि एक भंडाऱ्याच्या धान पट्ट्यात. प्रत्येकी २५ गोपालक, ५०० लिटरची एक टाकी, सकाळची पहिली फेरी त्यांची. धान पट्ट्यातले तणस आणि सोयाबीन पट्ट्यातले कुटार यांचा हिशेब वेगळा आहे, म्हणून दोन्ही ठिकाणी करून पाहायला हवे.

४. पशुखाद्याच्या अनुदानातली तेवढीच रक्कम सेंद्रिय जवस ढेप, चुनी, लसूणघास व दशरथ घासाचे प्रक्रियारहित बियाणे आणि सौर कुंपण यांसाठी वापरण्याची मुभा द्या. जास्तीचा निधी मागत नाही.

५. ई-क्लास जमिनीचे तुकडे दूध गटांना किमान दहा वर्षांच्या कराराने चराईला द्या आणि ‘रासायनिक निविष्ठा नाहीत’ हा दाखला कोणी, किती दिवसांत द्यायचा ते एका परिपत्रकात लिहा. दोन वर्षांच्या करारावर कोणी मारवेलचे ठोंबे लावत नाही.

६. केसपेपरवर दूध वर्ज्य काळाचा रकाना छापा.

७. नागपुरातच पशुविज्ञान विद्यापीठ आहे आणि सेंद्रिय शेतीचे केंद्र सरकारचे प्रादेशिक केंद्रही आहे. दोघांनी मिळून बीटी ढेप आणि युरियाशिवायच्या आहाराची, नागपूरच्या हवामानाला बेतलेली पत्रिका काढावी. वर दिलेला आहार तपासावा, चुकला असेल तर दुरुस्त करावा. आम्हाला राग येणार नाही.

नेपिअरचे ठोंबे आणि दशरथ घास मृगाच्या सरींवर लावावे लागतात. त्यासाठी जमिनीची नोंद, बियाणे आणि गटांची यादी मे महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात हवी. नंतर आलेला होकार एक वर्ष वाया घालवतो. पहिल्या दोन मागण्यांना मात्र पाऊसही लागत नाही आणि निविदाही लागत नाही. पुढच्या पंधरवड्याच्या दरपत्रकापासून त्या लागू करता येतील. तसे होणार नसेल तर कारण लेखी कळवावे. ते आम्ही गटांच्या बैठकीत वाचून दाखवू.

कळावे.

आपले,
चारा, पशुआहार आणि पशुवैद्यक क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण
नागपूर